नक्कल केलेली डिस्क सुरू होत नसेल तर

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाचे नाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मराठा आरक्षणासाठी सुरू झालेल्या उपोषणामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले, हे सर्वांना ठाऊकच आहे. परंतु त्या आंदोलनाच्या अनुषंगाने जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा जो शोध सुरू झाला, त्यामुळे खेड्यापाड्यांतील साध्यासुध्या लॅपटॉपवर केवढी जबाबदारी येऊन पडली, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयान्वये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निजामाच्या अमदानीतील मोडी आणि उर्दू लिपींतील कागद, खासरा पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे असे कित्येक वर्षे रुमालात बांधून पडलेले दप्तर पुन्हा उलगडले जाऊ लागले. आणि ज्याला आपल्या पणजोबाच्या नावाची नोंद हाती लागली, त्याने त्या पानाची प्रत, वंशावळ, शपथपत्र आणि शाळा सोडल्याचे दाखले यांचा जुडगा घेऊन जातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्राची वाट धरली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाल्यावर या कागदांचे मोल आणखीच वाढले.

हे सारे कागद स्कॅन होऊन ज्या यंत्रात विसावतात, ते यंत्र बहुधा सात-आठ वर्षांचे जुने, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर चालणारे आणि म्हणून मंद झालेले असते. दारात माणसांची रांग उभी असताना पडद्यावरचे चक्र फिरत राहते, तेव्हा केंद्रचालक कोणाच्या तरी सल्ल्याने नवी एसएसडी आणतो, जुन्या डिस्कची अक्षरशः नक्कल, म्हणजे ज्याला सर्वजण क्लोन म्हणतात ती, तिच्यावर उतरवतो, नवी डिस्क आत बसवून मोठ्या आशेने कळ दाबतो, आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटून सारे थांबते. हा प्रसंग इतका सामान्य आहे, आणि तो ओढवल्यावर घाबरून जे उपाय केले जातात ते मूळ व्याधीपेक्षा इतके घातक असतात, की त्यासंबंधी काही गोष्टी सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत प्रथम ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही, की शंभरांतील बहुसंख्य प्रसंगी नक्कल बिघडलेली नसते. कागद, छायाचित्रे, हिशेब, प्रणाली, सारे काही नव्या डिस्कवर यथास्थित उतरलेले असते. यंत्राला ते कोठून वाचावयास प्रारंभ करावा एवढेच उमगत नसते. दप्तरखान्यातील सर्व रुमाल नव्या इमारतीत सुखरूप नेले, परंतु दाराशी बसणाऱ्या कारकुनाच्या हातातील यादीत जुन्याच खोलीचा क्रमांक राहिला, तर एकही कागद हरवलेला नसताना एकही कागद मिळत नाही. तसाच हा प्रकार असतो. त्यामुळे "फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकून देतो" असा सल्ला कोणी देऊ लागल्यास त्याला तूर्त थांबवावे. नवे विंडोज घालणे हा उपाय नसून सर्व उपाय थकल्यानंतरची शरणागती आहे, आणि अंगठ्याचे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, छपाईयंत्र, मोडी-उर्दू कागदांची महिनोन्‌महिने लावलेली फोल्डरे ही सर्व मांडामांड पुन्हा करण्यात किती दिवस जातात, हे ज्याने ती केली आहे त्यालाच ठाऊक असते.

म्हणून पहिली तजवीज अशी करावी, की लॅपटॉप बंद करून, चार्जरची तार काढून, बॅटरी सुटी होत असल्यास ती वेगळी करून, किंवा आत बसवलेली असल्यास तिची जोडणी सोडवून, नवी डिस्क बाहेर काढावी आणि जुनी डिस्क पूर्वीच्या जागी बसवून यंत्र सुरू करून पाहावे. ते पूर्वीसारखे सुरू झाले, तर आपले सर्वस्व शाबूत आहे आणि आता कितीही सावकाश काम करण्यास हरकत नाही, एवढी मनाची खातरजमा होते. त्यानंतर जुन्या डिस्कवर ‘अस्सल’ आणि नवीवर ‘नक्कल’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात. हा उपचार क्षुल्लक वाटेल. परंतु नक्कल पुन्हा करताना मूळ कोणते आणि लक्ष्य कोणते यांची अदलाबदल होऊन रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली गेल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायातील प्रत्येकास माहीत आहेत, आणि या साऱ्या प्रकरणात खरोखर भरून न येणारे नुकसान होते ते याच एका चुकीने.

येथे यंत्र सुरू होते म्हणजे नेमके काय घडते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण ते समजल्यावाचून पुढील उपाय केवळ मंत्र म्हटल्यासारखे होतील. संगणक सुरू करण्याच्या दोन पद्धती आज प्रचारात आहेत. जुनी पद्धत १९८३ साली पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. तीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात सर्व मर्म साठवलेले असते: त्यांपैकी ४४६ बाइटांत प्रारंभीची आज्ञावली, ६४ बाइटांत जास्तीत जास्त चार पार्टिशनांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत खूण. हिला एमबीआर पद्धत म्हणतात, आणि जुना बायोस आरंभी एवढाच एक खंड वाचतो. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआय आणि जीपीटी यांच्या जोडीत, डिस्कवर एक लहानसे, विंडोजने साधारणतः १०० एमबीचे केलेले, फॅट-३२ प्रकारचे स्वतंत्र पार्टिशन राखून ठेवलेले असते. विंडोज जागृत करणारी फाइल त्यात असते, आणि ती फाइल कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनात आहे याची नोंद मदरबोर्डवरील स्मृतीत केलेली असते. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून बाजारातील लॅपटॉप हळूहळू या दुसऱ्या पद्धतीचे झाले. तथापि त्यानंतरची काही वर्षे निघालेली यंत्रे दोन्ही पद्धतींनी चालत असल्याने, आणि नेमकी तीच यंत्रे आज दुसऱ्या हाताने आपल्या खेड्यांत पोहोचली असल्याने, गोंधळाला भरपूर वाव राहिला आहे.

आता तपासाचा क्रम. नवी डिस्क पुन्हा आत बसवावी आणि यंत्र सुरू होताच बायोसच्या पडद्यावर जाण्याची कळ दाबावी. डेल, एसर, आसुस यांच्या बहुतेक लॅपटॉपांत ती एफ-२ असते, एचपीमध्ये एफ-१०, लेनोव्होच्या पुष्कळ यंत्रांत एफ-२ किंवा कडेचे बारीक नोव्हो बटण. तेथे नव्या डिस्कचे नाव दिसते का, एवढेच प्रथम पाहावे. नाव दिसत नसेल, तर विंडोजच्या दुरुस्तीचा विचारही करू नये. दोष जोडणीत आहे. अडीच इंची डिस्क असेल तर ती खोबणीत पूर्ण बसली आहे का, आणि काही यंत्रांत असते ती पातळ पट्टीसारखी तार उघडताना निसटली आहे का, हे पाहावे. कागदाच्या पट्टीएवढी, एम-डॉट-टू प्रकारची एसएसडी असेल तर एका फसव्या गोष्टीकडे लक्ष द्यावे: या आकाराच्या डिस्का दोन जातींच्या असतात, एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई; आकार आणि स्क्रूची जागा तीच असली तरी काही जुन्या लॅपटॉपांची खोबण केवळ साटा जातीलाच ओळखते. अशा यंत्रात एनव्हीएमई डिस्क कितीही महाग घेतली तरी ती दिसणार नाही, आणि दुकानदाराकडून बदलून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या लॅपटॉपच्या नमुना क्रमांकावरून त्या खोबणीची जात कोणती, याची चौकशी करून ठेवणे हिताचे.

डिस्क दिसते, पण ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाची ओळ येऊन काम थांबते, तर बायोसमध्येच ‘बूट मोड’ची जागा शोधावी. तेथे ‘लेगसी’ लिहिले आहे की ‘यूईएफआय’, हे पाहून जुन्या डिस्कच्या पद्धतीशी त्याचा मेळ बसतो का, हे ताडून घ्यावे. जुनी डिस्क कोणत्या पद्धतीची होती, हे ती पुन्हा बसवून विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्यावर, त्या डिस्कच्या गुणधर्मांतील ‘व्हॉल्यूम्स’ या पानावर कळते. पुष्कळदा असे होते, की डिस्क बदलताना बॅटरी सुटल्यामुळे बायोसच्या निवडी मूळ स्थितीला जातात आणि लेगसीचे यूईएफआय झालेले असते. एवढी एक निवड पूर्ववत केली, की यंत्र काहीच घडले नसल्यासारखे सुरू होते. निवड बदलण्यापूर्वी त्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे परतीची वाट खुली राहते.

परंतु येथे एक अवघड पेच संभवतो, आणि तो आपल्याकडील जुन्या यंत्रांत नेहमी आढळतो. मूळ डिस्क एमबीआर पद्धतीची, विंडोज ७ च्या काळात घातलेली आणि मागाहून विंडोज १० ला चढवलेली असते. नवी डिस्क मात्र एनव्हीएमई असते. आणि एनव्हीएमई डिस्कांना लेगसी पद्धतीने सुरू होणे बहुधा जमतच नाही. मग लेगसी ठेवले तर डिस्क उठत नाही आणि यूईएफआय केले तर तिच्यावरील एमबीआर रचनेत हवे ते पार्टिशनच नसते. या पेचावर मायक्रोसॉफ्टनेच २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीबरोबर, ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाची एक आज्ञा दिली आहे, जी पुढे सांगितलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये देता येते आणि डिस्कवरील मजकूर न पुसता रचना बदलते. तिच्या अटी मात्र पाळल्या पाहिजेत: मुख्य पार्टिशने तीनहून अधिक नसावीत, बिटलॉकरचे कुलूप चालू असल्यास ते आधी स्थगित केलेले असावे, आणि पहिल्यांदा ‘व्हॅलिडेट’ हा शब्द जोडून ती आज्ञा चालवावी, ‘रूपांतर शक्य आहे’ असा अभिप्राय आल्यानंतरच ‘कन्व्हर्ट’ म्हणावे. रूपांतर झाले, की बायोसमध्ये यूईएफआय निवडण्याचे विसरू नये.

आणखी एक कारण, जे माझ्या मते सर्वांत अधिक वेळा घडते आणि सर्वांत कमी वेळा ओळखले जाते, ते असे: नक्कल करताना केंद्रचालकाने संपूर्ण डिस्कची नक्कल न करता केवळ ‘सी’ नावाच्या भागाची केलेली असते. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवरून २४० किंवा २५६ जीबीच्या एसएसडीवर जाताना हा मोह विशेषच होतो, कारण सारे मावत नाही. सी मध्ये विंडोज आहे, कागद आहेत, मग बाकीच्या नाव नसलेल्या चिमुकल्या भागांचे काय प्रयोजन, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु वर सांगितलेले १०० एमबीचे पार्टिशन त्या चिमुकल्यांतच असते. हा दोष असेल तर नक्कल टाकून देण्याचे कारण नाही. ते एक पार्टिशन नव्याने घडवून त्यात प्रारंभाच्या फाइली भरता येतात.

त्याची रीत आता सांगतो. ती लांब आहे, पण अर्ध्या तासात होणारी आहे. दुसऱ्या कोणत्याही चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून घेऊन किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचे प्रतिष्ठापन-साहित्य तयार करावे. त्यावरील आधीचा मजकूर पुसला जातो, हे लक्षात असावे. तो पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबावी: डेल आणि लेनोव्होत एफ-१२, एचपीत एफ-९, आसुसमध्ये एस्केप. पेनड्राइव्ह निवडल्यावर जो पडदा येईल त्यावर ‘इन्स्टॉल’ असे मोठे बटण असेल; त्याला हातही न लावता ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ या वाटेने जाऊन, तेथून ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘कमांड प्रॉम्प्ट’ असे उघडावे. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालवून पाहण्यास हरकत नाही; साधी चूक असेल तर ते आपण होऊन दुरुस्त करते, मात्र त्याच्या अपयशावरून निराश होऊ नये.

पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावयाच्या असून येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. काळ्या चौकटीत ‘डिस्कपार्ट’ असे टंकून एंटर दाबावे, मग ‘लिस्ट डिस्क’ म्हणून डिस्कांची यादी पाहावी आणि आकारावरून आपली एसएसडी ओळखावी. यूईएफआयची डिस्क असेल तर जीपीटीच्या रकान्यात तारकाचिन्ह दिसते. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तिचा क्रमांक दिल्यानंतर ‘लिस्ट व्हॉल्यूम’ म्हणावे. त्या यादीत फॅट-३२ प्रकारचा, १०० एमबीच्या आसपासचा भाग आढळला, तर त्याला ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ने निवडून ‘असाइन लेटर=एस’ या आज्ञेने एस हे अक्षर द्यावे. असा भाग नसेलच, तर विंडोजचा मोठा भाग निवडून ‘श्रिंक डिझायर्ड=२००’ने थोडी जागा मोकळी करावी, ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=१००’ने भाग घडवावा, ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’ने तो तयार करावा आणि त्यालाच एस हे अक्षर द्यावे. ही फॉरमॅटची आज्ञा देण्याच्या क्षणी निवड नव्या चिमुकल्या भागाचीच आहे ना, हे ‘लिस्ट पार्टिशन’ म्हणून, तारका कोणत्या ओळीपुढे आहे ते पाहून, एकदा नव्हे तर दोनदा तपासावे.

त्यानंतर ‘एक्झिट’ म्हणून डिस्कपार्टमधून बाहेर यावे. या दुरुस्तीच्या पडद्यावर अक्षरांची वाटणी नेहमीसारखी नसते, आणि आपला सी येथे कदाचित डी किंवा ई या नावाने वावरत असतो. म्हणून ‘डीआयआर’ आणि अक्षर असे टंकून कोणत्या अक्षराखाली ‘विंडोज’ आणि ‘युजर्स’ ही फोल्डरे दिसतात, ते शोधून काढावे. समजा ते सी आहे. मग मुख्य आज्ञा अशी: ‘बीसीडीबूट’, एक जागा, ‘सी’, विसर्गासारखी कोलनची खूण, उलटी तिरपी रेघ, ‘विंडोज’, एक जागा, सरळ तिरपी रेघ आणि ‘एस’, एक जागा, पुन्हा ‘एस’ आणि कोलन, एक जागा, सरळ तिरपी रेघ आणि ‘एफ’, एक जागा, ‘यूईएफआय’. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असे उत्तर आले, की कारकुनाच्या यादीत नव्या खोलीचा क्रमांक चढला. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कला हीच आज्ञा शेवटी ‘बायोस’ लिहून द्यावयाची असते, आणि जोडीला ‘बूटरेक’ या आज्ञेपुढे ‘फिक्सएमबीआर’ जोडून पहिला खंड दुरुस्त करावयाचा असतो. पुष्कळ ठिकाणी ‘फिक्सबूट’ही चालवावयास सांगतात, यूईएफआयच्या यंत्रावर ते बहुधा ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून नकार देते, आणि त्या नकाराची काळजी करण्याचे कारण नाही, कारण बीसीडीबूटने ते काम अधिक नीटपणे केलेले असते.

निळ्या किंवा काळ्या पडद्यावर शून्य-एक्स-सी ने सुरू होऊन ‘२२५’ने किंवा ‘ई’ या अक्षराने संपणारा संकेतांक दिसत असेल, तर त्याचाही अर्थ बहुतेक हाच, की प्रारंभाची फाइल सापडली पण तिच्यात नोंदलेला विंडोजचा पत्ता लागत नाही. याचे एक विशिष्ट कारण आहे. प्रत्येक डिस्कला स्वतःची एक गुप्त ओळखखूण असते आणि अस्सलबरहुकूम नक्कल केली, म्हणजे तीही उतरते. मग उत्सुकतेपोटी दोन्ही डिस्का एकाच वेळी लावून विंडोज सुरू केले, की सारख्याच खुणेच्या दोन डिस्का पाहून विंडोज त्यांतील एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते, आणि आपण तिला ‘ऑनलाइन’ करताच तिची खूण बदलून टाकते. खूण बदलली, की जुना पत्ता खोटा ठरतो. म्हणून नियम असा धरावा, की नक्कल पूर्ण होताच यंत्र बंद करावे, अस्सल डिस्क बाहेर काढावी, आणि नव्या डिस्कचा पहिला प्रारंभ ती एकटीच असताना करावा. तसेच नवी डिस्क बाहेरच्या केसिंगमध्ये ठेवून यूएसबीवरून सुरू होते का, अशी परीक्षा घेऊ नये. साधे विंडोज यूएसबीवरून उठावयास बनलेले नाही, आणि त्या परीक्षेतील अपयशाने काहीच सिद्ध होत नाही.

विंडोजची खूण दिसून, ठिपके फिरून, मग ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येत असेल, तर रोग वेगळा आहे. येथे पत्ता सापडला, दारही उघडले, परंतु नव्या जातीच्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर विंडोज आरंभीच्या क्षणी सोबत घेत नाही. बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय होती आणि आता रेड किंवा इंटेल आरएसटी झाली आहे, किंवा याच्या उलट घडले आहे, हे प्रथम पाहून पूर्वीचे जे होते तेच करावे. तेवढ्याने भागले नाही, तर दुरुस्तीच्या पडद्यावरून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन चौथ्या पर्यायाने सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उठवावे, सेफ मोडमध्ये साठवणुकीचे सर्व मूळ ड्रायव्हर तपासले जातात, योग्य तो आपली जागा घेतो, आणि पुढच्या वेळी यंत्र बहुधा नेहमीसारखे सुरू होते. अजून विंडोज ७ वर काम करणाऱ्यांनी हेही जाणावे, की त्या प्रणालीत एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाहीच. विंडोज १० चाही पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, लोकांचे आधार आणि जातीचे कागद हाताळणाऱ्याने या दुरुस्तीबरोबरच पुढच्या प्रणालीचाही विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

बिटलॉकरचे कुलूप ही नव्या लॅपटॉपांतील अडचण आहे. डिस्क बदलली किंवा बायोसची निवड बदलली, की कुलूप ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागते; ती बहुधा लॅपटॉप प्रथम सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला होता त्या खात्यात साठवलेली असते, आणि ते खाते पुष्कळदा दुकानातील मुलाने घाईत उघडून दिलेले असते. नक्कल करण्यापूर्वीच ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि कुलूप स्थगित करावे. किल्लीच नसेल, तर कोणतीही युक्ती चालत नाही.

आता उरला खऱ्या अर्थाने सदोष नकलेचा प्रकार. जुनी डिस्क मंद झाली ती केवळ वयाने की आतून खराब होत असल्याने, हे नक्कल करण्यापूर्वी पाहणे आवश्यक असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा छोटा, विनामूल्य कार्यक्रम डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यांत ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळींपुढील कच्चे मूल्य (‘रॉ व्हॅल्यूज’) शून्याहून अधिक असेल, विशेषतः दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्कचे काही खंड निकामी झाले आहेत किंवा होत आहेत, असे समजावे. अशा डिस्कची साध्या कार्यक्रमाने केलेली नक्कल मध्येच अडते किंवा वरवर पूर्ण होऊनही आतून पोकळ राहते. तेथे लिनक्सवरील ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे साधन वापरावे: ते आधी जे सहज वाचता येते ते सर्व वाचून घेते, हट्टी खंडांकडे मागाहून वळते, आणि काय वाचले, काय राहिले याची एका फाइलीत नोंद ठेवते. आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना ही नोंद फार मोलाची आहे, कारण काम थांबले तरी ते पुन्हा अथपासून न करता थांबल्या जागेवरून पुढे नेता येते. डिस्कमधून टकटक असा ध्वनी येत असेल, तर मात्र हेही करू नये; ती बंद ठेवून माहिती-पुनःप्राप्तीचे काम करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

डिस्क निरोगी असेल तर तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ हे विनामूल्य साधन उत्तम आहे. त्याला लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते, एवढी अट ध्यानात घ्यावी. नक्कल करण्यापूर्वी विंडोज बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ म्हणावे, म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’ने अर्धवट झोपवून ठेवलेली स्थिती नकलेत उतरत नाही. वेळेचा अंदाजही आधीच घ्यावा: ५०० जीबीची भरलेली डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी वेगाने वाचली जात असेल तर साधारण दीड तास लागतो, आणि केसिंग जुन्या यूएसबी-२ खोबणीत लावले असेल तर हेच काम चार तासांवर जाते, म्हणून यूएसबी-३ ची, बहुधा निळ्या रंगाची, खोबण वापरावी. लॅपटॉपची बॅटरी अर्धमेली असेल तर इन्व्हर्टरवर लावून काम करावे. लिनक्स वापरणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज थोडीच आहे; त्यांनी ‘एफएसटॅब’मधील यूयूआयडी नव्या पार्टिशनांशी जुळतात का हे पाहून ‘ग्रब’ पुन्हा बसवावे.

यंत्र सुरू झाले, म्हणजे काम संपले असे मात्र कोणी मानू नये. तहसिलातील नकलेची मूळ कागदाशी रुजवात घेतल्याशिवाय तिच्यावर शिक्का पडत नाही, तीच कसोटी येथेही लावावी. महत्त्वाच्या फोल्डरांतील फाइलींची संख्या आणि एकूण आकार अस्सल व नक्कल दोन्हींत सारखा आहे का, हे ताडावे. स्कॅन केलेली पाने केवळ यादीत पाहून न थांबता मधूनमधून उघडून पाहावीत, कारण खराब खंडावरचे चित्र नावाने शाबूत असूनही अर्धे करडे निघू शकते. ही ताडणी करण्यासाठी अस्सल डिस्क केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावावी, त्याच लॅपटॉपला नव्हे. मग डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याचे यंत्र आणि छपाईयंत्र यांनी एकेक काम करून पाहावे. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी निगडित असल्याने त्याच लॅपटॉपात डिस्क बदलल्यावर तो सहसा अबाधित राहतो.

अस्सल डिस्क महिना-दीड महिना तशीच कपाटात जपून ठेवावी. नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण उद्या एसएसडी एकाएकी बंद पडली तर त्या दिवसापर्यंतचे नवे कागद तिच्याबरोबरच जातील. तेव्हा दर आठवड्याला कागदांची फोल्डरे वेगळ्या डिस्कवर उतरवण्याचा परिपाठ ठेवावा. पुढे जुनी डिस्क विकावयाची किंवा भंगारात द्यावयाची झाल्यास तिच्यावर शेकडो कुटुंबांचे आधार क्रमांक, वंशावळी आणि सह्या आहेत, आणि डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झालेला आहे, याचे स्मरण ठेवावे. केवळ फॉरमॅटने हा मजकूर जात नाही. डिस्कपार्टमध्ये ती डिस्क निवडून ‘क्लीन ऑल’ म्हटले, की तिचा प्रत्येक खंड शून्याने भरला जातो. ५०० जीबीला त्यास काही तास लागतात. ही आज्ञा देताना नवी एसएसडी यंत्रात असू नये. जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला एकटीच लावावी, यादीतील आकार आणि तिच्यावरील चिठ्ठी पाहावी, आणि मगच एंटर दाबावे.